अझीमला विचारून सांगतो

"पुण्यात मासळी मिळते म्हणे, पण बर्फातली. डोळे पांढरे झालेली. ती काय मासळी? आणि हिला तिथं वर्षभर राहायचं हाय!"

रझिया मागल्या पडवीत विळीवर तिसऱ्यांचे शिंपले उघडत बसली होती आणि हे सगळं ती तिसऱ्यांनाच सांगत होती. आतल्या बाजूला, दाराच्या फळीआड, तिची सून कौसर चहाचा कप घेऊन उभी होती. सून आड उभी आहे हे सासूला ठाऊक होतं, आणि सासूला ते ठाऊक आहे हे सुनेला. ह्या घरात महत्त्वाचं बोलणं असंच चालायचं, भलत्यालाच सांगून. कधी मांजराला, कधी कढीपत्त्याच्या झाडाला. आज तिसऱ्यांची पाळी होती.

पुण्याबद्दल रझियाची तक्रार रोज नवी असे. परवा पाण्याला वास येतो म्हणून, काल होस्टेलच्या न्हाणीला आतून कडी असते की नाही म्हणून. ती पुण्याला जन्मात एकदा गेली होती, नवरा होता तेव्हा त्याच्या मोतीबिंदूला, आणि तेवढ्या भांडवलावर तिने अख्खं शहर निकालात काढलं होतं. कौसर एकेका तक्रारीला उत्तर शोधून ठेवी. पाणी उकळून पिता येतं. कडी लावून घेता येते. पण उत्तर मिळालं की तक्रार गुपचूप जागा बदलायची, आणि कौसरला कळायचं की ही खरी नव्हतीच.

रत्नागिरीच्या राजिवड्यात खाडीच्या अंगाला त्यांचं घर होतं, गल्फच्या पैशाने बांधलेल्या घरांसारखंच. खाली गुळगुळीत फरशी, वर आणखी एक मजला, गच्चीला रंगीत कठडा. वरचा मजला बंद होता. अझीम आल्यावर उघडायचा होता. तिथल्या पलंगाच्या गादीवरचं प्लास्टिक काढायचं होतं, अझीम आल्यावर. काचेच्या कपाटातला जेवणाचा सेट वापरायला घ्यायचा होता, तोही अझीम आल्यावर. आणि मधल्या काळात जे जे ठरवायचं येई, मग ते विहिरीवरच्या पंपाचं असो की शेजारच्या लग्नातल्या आहेराचं, त्याला घरातून एकच उत्तर जाई: अझीमला विचारून सांगतो. पुढेपुढे वर्गणी मागायला येणाऱ्यांनाही हेच उत्तर मिळू लागलं, आणि त्यांना त्याचा अर्थ बरोबर कळायचा.

अझीम, म्हणजे कौसरचा नवरा, कतारला होता. लग्नानंतर महिनाभर राहून गेला, मग एकदा सुट्टीवर आला, आणि त्यानंतर सुट्टी मंजूर होईना. कंपनी बदलली, मग साहेब बदलला, मग म्हणे हिशेबाचं वर्ष बदललं. फोन आधी दर जुम्म्याला यायचा. नंतर ईदला. हल्ली ईदलाही लाईन लागत नव्हती. एवढ्या मोठ्या घरात दोन बायका खालच्या दोन खोल्यांत राहायच्या, आणि एकीने भांडं खाली ठेवलं की दुसरीला ते फरशीवरून ऐकू जायचं.

कौसर बी.एस्सी. झालेली. मिरजोळ्याच्या एम.आय.डी.सी.त कोळंबी परदेशी धाडणारी एक कंपनी होती, तिच्या लॅबमध्ये ती काम करायची. कोळंबी तपासायची, आकडे लिहायचे. मग लॅबमध्ये कॉम्प्युटर आला. तो शिकवायला आलेला माणूस दोन दिवसांत परत गेला आणि उरलेलं कौसर आपलं आपणच शिकली. एकदा तिने आकड्यांची सरासरी काढणारा छोटासा प्रोग्रॅम लिहिला. तो चालला नाही. पडद्यावर आलं: अमक्या ओळीत चूक आहे. कौसर त्या ओळीकडे कितीतरी वेळ बघत राहिली. चुकलं तर चुकलं म्हणतो, आणि कुठे तेही सांगतो! अशी सोबत तिला कितीतरी वर्षांत मिळाली नव्हती.

म्हणून तिने कोर्स करायचं मनावर घेतलं. दुसऱ्या विषयातल्या पदवीधरांना सॉफ्टवेअरकडे वळवणारा कोर्स. दोन ठिकाणी जागा मिळत होती. एक रत्नागिरीतच, मारुती मंदिराजवळच्या दुकानांवर नवीन निघालेल्या कॉलेजात. संध्याकाळचे वर्ग, दोन वर्षं. दुसरी पुण्याला. दिवसभराचा कोर्स, एकच वर्ष, आणि शेवटचे काही महिने कुठल्यातरी कंपनीत खरं काम. पुण्याला प्रवेश परीक्षा होती. ती द्यायला तिच्याबरोबर गेले होते मजीदचाचा, अझीमचे चुलते, जहाजावरून भंडारी म्हणून निवृत्त झालेले. जन्मभर खलाशांना रांधून घातलेला माणूस. ते फाटकाबाहेर शेंगा खात बसले आणि परत येताना बसमध्ये म्हणाले, "पोरी सगळ्या तुझ्याहून लहान दिसत होत्या. पण बाहेर पडताना तूच तेवढी हसत होतीस."

ती पास झाली. शनिवारी दुपारपर्यंत होय की नाही ते फोनवर कळवा, असं पुण्याच्या ऑफिसातून सांगणं आलं.

मंगळवारी कामावरून येताना कौसर रत्नागिरीचं कॉलेज बघायला उतरली. म्हटलं, दोन्ही बघून ठरवावं. घरची माणसं हेच म्हणत होती ना, की इथं काय वाईट आहे?

वाईट काहीच नव्हतं. जिना चढताना खालच्या बेकरीचा खमंग वास येत होता. वर एका खोलीत कॉम्प्युटर, त्यांच्यावर झालरीची कव्हरं, आणि लाईट गेलेली. मुली अंधुक उजेडात वहीवर प्रोग्रॅम लिहीत होत्या. शिकवणारे ऋत्विक सर कौसरपेक्षा वयाने लहान होते आणि ते लपवायला त्यांनी मिशी ठेवली होती.

"या मॅडम, बसा. लाईट येईलच. नाही आली तरी आमचं अडत नाही, आम्ही कागदावर रन करतो." ते स्वतःच हसले. "तुमची केमिस्ट्री? छान. पास व्हाल, त्याची काळजी नको. मिस्टर काय करतात?"

"कतारला असतात."

"अरे वा!" ते म्हणाले, आणि हातातला खडू खाली ठेवला. "मग मॅडम, एक विचारू का? राग नका मानू. गेल्या वर्षी दोघीजणी अशाच आल्या होत्या. व्हिसा आला की चालल्या. कोर्स अर्धवट. मग आमचा निकाल पडतो हो खाली."

"मी अर्धवट सोडणार नाही."

"सगळ्या असंच म्हणतात!" सर दिलखुलास हसले. "आणि का नाही सोडणार? नवऱ्याने बोलावलं तर जायलाच हवं की. तुम्ही आरामात करा. इथं बहुतेक मुली लग्न ठरेपर्यंत येतात, तुमच्यासारख्या व्हिसा येईपर्यंत. वेळ बरा जातो."

माणूस भला होता. त्याच्या भलेपणाचाच कौसरला त्रास झाला. समोर अंधारात मुली कागदावर रन करत होत्या, चुका आपल्याच डोळ्यांनी शोधत होत्या, सापडत नव्हत्या. इथे दोन वर्षं वेळ बरा जाईल. वेळ तर बंद मजल्याखालीही जातच होता.

ती खाली उतरली, बेकरीतून नानकटाई घेतली आणि बसची वाट न बघता चालत निघाली. बस स्टँड ओलांडताना तिने मान मुद्दाम दुसऱ्या बाजूला वळवली. तिथला एक फोन बूथ ती असाच टाळायची.

गेल्या थंडीत, कामावरून येताना, त्या बूथमधून तिने कतारला फोन लावला होता. घरून लावला की सासू शेजारी बसायची. आणि नवऱ्याशी दोन शब्द एकटीने बोलावेत अशी तिची इच्छा होती, एवढंच. फोन एका बाईने उचलला. "हलो, कौन बोलता?" मागे तान्हं मूल रडत होतं. कौसरच्या तोंडून शब्द फुटेना. तेव्हा त्या बाईने तोंड बाजूला करून घरातल्या कोणाला तरी म्हटलं, "देखो ना, कोई बोलताच नहीं."

देखो ना. कौसरला बाई असल्याचं एवढं लागलं नाही, मुलाचंसुद्धा नाही. लागलं ते हे. रोजच्या माणसाला म्हणतात तसं, भाजी चिरता चिरता म्हणतात तसं. तिला स्वतःला असं म्हणायला घरात कोणी नव्हतं. ती घरी आली. रझियाने विचारलं, "उशीर?" ती म्हणाली, "बस चुकली." आणि तेव्हापासून ही गोष्ट तिच्या एकटीजवळ होती. सासूला सांगायची तिला छाती झाली नाही. एकुलता मुलगा, म्हातारीने आधार तरी कशाचा धरायचा?

बुधवारी भलताच गोंधळ झाला.

मजीदचाचा संध्याकाळी आले तेव्हा पुण्याचं माहितीपत्रक टेबलावर पडलं होतं. रझियाने ते त्यांच्या पुढ्यात सरकवलं. "तुला इंग्लिश येतं ना? बघ तरी काय शिकवणार हायत ते."

चाचांनी चष्मा लावला. त्यांचं इंग्लिश जहाजाच्या भटारखान्यातलं, त्यात भाज्यांची नावं आणि शिव्या जास्त. पण पहिलाच मोठा शब्द त्यांच्या ओळखीचा निघाला आणि त्यांचा चेहरा पडला.

"कन्व्हर्जन कोर्स," त्यांनी वाचलं. मग पत्रक उलटं ठेवलं.

"म्हणजे काय?"

"काही नाही, भाभी. असंच."

"मजीद!"

"मोंबासाला आमच्या जहाजावर एक पाद्री यायचा," चाचा घसा खाकरत म्हणाले. "फार गोड माणूस. पुस्तकं वाटायचा. कन्व्हर्जन, कन्व्हर्जन, हाच त्याचा धंदा. म्हणजे... धरम बदलणं."

कौसर तेव्हा कामावर होती. ती आली तेव्हा सासू जानमाजवर बसली होती, आणि नमाज संपूनही उठत नव्हती. जेवणं मुक्याने झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी भाजीवाली हौसा टोपली घेऊन मागल्या दारी टेकली, तेव्हा रझियाच्याने राहवलं नाही. ह्या खेपेला निदान कान असलेल्या कोणाला तरी ती सांगत होती.

"हौसा, आमची कौसर पुण्याला जाऊन धरम बदलणार हाय गो."

हौसाने पडवळ खाली ठेवलं. "काय सांगता! कोण म्हणतो?"

"कागदावर छापलंय. वर्षभराचा कोर्स हाय त्याचा."

"वर्षभराचा?" हौसाने जरा विचार केला. "आणि परीक्षा बी घेतली ना तिची? तुम्हीच सांगत होतात. अहो भाभी, धरम बदलायला कोण कधी परीक्षा घेतो काय? आणि पास झाली तरच घेणार? काहीतरीच!"

आत कौसरच्या पुढ्यातलं दूध उतू गेलं. ती बाहेर आली, आणि किती तरी दिवसांनी त्या पडवीत मोठ्याने हसली. हौसा हसली. रझिया मात्र हसली नाही. तिच्या डोळ्यांना पाणी आलेलं कौसरने पाहिलं, आणि तिचं हसू आटलं. म्हातारी रात्रभर हे उराशी घेऊन झोपली होती, आणि विचारलं नव्हतं. ह्या घरात विचारत नसत.

हौसा गेल्यावर कौसर पाट ओढून तिच्याजवळ बसली. "अम्मी, कन्व्हर्जन म्हणजे एका विषयातून दुसऱ्या विषयात जाणं. मी केमिस्ट्री शिकले, आता सॉफ्टवेअर शिकायचं. एवढंच."

"मग आधी शिकलीस ते? फुकट?"

"फुकट नाही. ते आपल्याजवळ राहतं. पण तेवढ्यावर पुढे जाता येत नाही."

रझियाने पडवळाचं देठ मोडलं. मग म्हणाली, "इथल्या कॉलेजात ह्येच शिकवतात ना?"

"नावाने हेच शिकवतात."

"मग?"

"अम्मी, इथल्या कॉलेजात मला सगळे वाट बघणारी म्हणूनच धरतील."

हे शब्द कौसरच्या तोंडून असे निघाले की तिचं तिलाच नवल वाटलं. रझियाने झटकन मान वर केली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. आता कोणीतरी काहीतरी बोललं असतं. पण रझिया उठली, भाजीचं ताट उचललं आणि म्हणाली, "अझीमला विचारू. नवऱ्याच्या इजाजतीबिगर सून परगावी ऱ्हायली तर मोहल्ला काय म्हणेल? उद्या जुम्मा हाय. मजीद फोन लावेल."

शुक्रवारी मजीदचाचा नमाजाहून थेट आले. अंगात इस्त्रीचा सदरा होता, अत्तराचा वास येत होता, आणि कपाळावर घाम. फोन दिवाणखान्यात तिपाईवर असे, त्याच्यावर कौसरने लग्नाआधी विणलेला रुमाल. चाचांनी तो रुमाल घडी घालून बाजूला ठेवला, फार सावकाश, मग त्याची पुन्हा घडी घातली.

"कतारला आत्ता सुट्टी असणार," ते म्हणाले. "झोपला असेल. उद्या लावू या का?"

"उद्या पुण्याला कळवायचं आहे, चाचा," कौसर म्हणाली.

"हां, हां. लावतो ना."

कौसर त्यांच्या मागे उभी होती, रझिया समोर दिवाणावर. चाचा बटणं दाबू लागले. देशाचा आकडा त्यांनी बरोबर दाबला, सगळ्या बंदरांचे आकडे त्यांना तोंडपाठ. पुढचेही बरोबर. शेवटच्या दोन बटणांवर मात्र त्यांचं बोट थबकलं आणि भलतीकडे गेलं.

कौसरला आधी वाटलं, चुकले असतील. वय झालं.

"अं, वाजतोय," चाचा म्हणाले. "वाजतोय... हलो? हलो? सॉरी. सॉरी सॉरी, अखी." त्यांनी फोन ठेवला. "कोणी अरब होता. लाईनी एकमेकींत शिरतात तिथं."

"परत लावा," कौसर म्हणाली.

त्यांनी परत लावला. ह्या वेळी शेवटी वेगळे आकडे, पण चुकीचेच. आणि हे आकडे दाबताना म्हाताऱ्याचे कान लाल झाले होते. तेव्हा कौसरला समजलं. चाचांना नंबर नीट ठाऊक होता. इतका नीट, की तो कसा चुकवायचा हेही त्यांना ठाऊक होतं. म्हणजे त्यांनाही माहीत आहे! किती दिवसांपासून? पुण्याहून येताना बसमध्ये, ती हसत होती म्हणाले, तेव्हाही माहीत होतं?

तिला वाटलं, पुढे होऊन त्यांच्या हातातून फोन घ्यावा, म्हणावं, पुरे चाचा. पण समोर सासू बसली होती. तिच्यादेखत कसं? म्हणून कौसरही म्हाताऱ्याच्या खोटेपणाला हातभार लावत म्हणाली, "लाईन खराब असेल."

"खराबच," चाचा घाईघाईने म्हणाले. "पावसाने. आता पुन्हा बघतो एकदा."

तिसऱ्यांदा त्यांनी आकडा दाबायला घेतला.

"मजीद," रझिया म्हणाली. "ठेव तो."

"एकदाच, भाभी—"

"ठेव म्हणते ना. शेवटी चार येतो, दोनदा. आधी सात दाबलेस, मग नऊ. आता काय दाबणार हायस?"

चाचांनी फोन ठेवला. ठेवताना तो आधी तिपाईच्या कडेवर आपटला. बाहेर खाडीत होडीचं इंजिन सुरू करायचा कोणी प्रयत्न करत होतं. ते धरत होतं आणि बंद पडत होतं.

"तुम्हाला नंबर..." चाचा पुटपुटले. "तुम्हाला कुठून पाठ, भाभी? तुम्हाला तर मीच लावून देतो."

"कौसर कामावर गेली की मी लावते. माझी मी लावते." रझिया त्यांच्याकडे बघत नव्हती. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. "एक बाई उचलते. पहिल्यांदा मी ठेवून दिला. मग एकदा नाय ठेवला. मना सलाम केला तिनं. अम्मी म्हणाली. पोराच्या कानाला फोन लावते. पोर हुंकार देतो."

कौसर जिथे होती तिथेच भिंतीला टेकली. सासूचा आधार सांभाळायचा म्हणून ती इतके महिने तोंड शिवून बसली होती, आणि सासू तिच्या पाठीमागे, ह्याच तिपाईजवळ, नातवाचा हुंकार ऐकत होती. तिला राग यायला हवा होता. तो येत होता, पण त्याच्या आधी दुसरंच काहीतरी डोळ्यांपुढे आलं: रिकाम्या घरात, कानाशी फोन धरून बसलेली म्हातारी, आणि पलीकडे भाषा नसलेलं मूल.

"मलाही माहीत होतं, अम्मी," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटला. "थंडीपासून."

रझियाने मान डोलावली. आश्चर्य वाटल्याचं तिने दाखवलं नाही; कदाचित तिला ते वाटलंही नसेल. मजीदचाचांनी चष्मा काढला आणि विणलेल्या रुमालानेच पुसायला घेतला.

"मजीद," रझिया म्हणाली, "पुण्याचा नंबर लाव. आज सांगून टाक, ही येते म्हणून."

"लावतो, भाभी. पण..." चाचा अडखळले. जन्माची सवय, वाक्य त्यांच्या तोंडून आपोआप निघालं. "पण अझीमची इजाजत? मोहल्ल्यात कोणी विचारलं, तर काय सांगायचं?"

रझिया उठली. कौसरच्या समोर येऊन उभी राहिली, तिला हात लावावा की नाही हे न कळल्यासारखी, आणि ह्या खेपेला ती तिसऱ्यांना नाही, झाडाला नाही, थेट तिच्या तोंडाकडे बघून बोलली.

"अझीम यायचा नाय, कौसर. त्यानं तिकडं घर केलंय. आणि मी तुला बोलले नाय, कारण बोलले असते तर तू गेली असतीस, आणि मी एकटी ऱ्हायले असते."